खंदक, गव्हाण, मंत्रालय

शनिवार, २४ जुलै १९४३. सांगली.

आषाढ सरत आलाय. कृष्णा दुथडी भरून वाहतेय आणि तुम्ही गणेशदुर्गाच्या खंदकाकाठी उभे आहात. हा मुलूख थेट इंग्रजांचा नाही, पटवर्धनांचं संस्थान आहे. भुईकोट किल्ल्याच्या पोटात राजवाडा, कचेऱ्या आणि तुरुंग सगळं एकत्र नांदतं. दुपारच्या सुस्तीत आतून एकदम आरडाओरडा ऐकू येतो. पाठोपाठ बंदुकीचा बार.

वर बघा. तटावर माणसं चढलीत. त्यांच्या हातांतल्या बंदुका पहारेकऱ्यांकडून हिसकावलेल्या आहेत. एकामागून एक ती खंदकात उड्या टाकतात, चिखलपाण्यातून बाहेर येतात आणि धावत सुटतात. रस्त्यावरची माणसं आधी थिजतात, मग तुमच्या शेजारचा एक म्हातारा ओरडतो, "आरं, आपलीच पोरं हायेत ही! पद्माळ्याचा वसंता हाय त्यात!"

तुम्हीही त्यांच्या मागे धावता, नदीच्या रोखाने. नदी ओलांडली तर सुटका, पण पुराची कृष्णा आज कुणालाच वाट द्यायला तयार नाही. मागून पोलिस गोळ्या झाडत येतात. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा होतात. पंचविशीतला तो दणकट वसंता खांद्यात गोळी लागून पकडला जातो.

वसंतराव बंडूजी पाटील. सांगलीजवळच्या पद्माळ्याचा शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १३ नोव्हेंबर १९१७. तान्हेपणीच साथीत आई-वडील गेले, आजीने वाढवलं. शाळा फार झाली नाही, शेतावरचं काम मात्र लहानपणापासून हातात आलं. बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडणं, टपाल जाळणं, रेल्वे अडवणं यात त्याचं नाव पुढे होतं, म्हणून तो या तुरुंगात होता. आता पुन्हा त्याच्यावर खटला चालेल, शिक्षा होईल आणि १९४६ साली तो बाहेर येईल. रक्ताने माखलेल्या सदऱ्यातला हा तरुण पुढे चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेईल, हे इथल्या गर्दीत कुणाला सांगितलंत तर वेड्यात काढतील तुम्हाला.

१९५० च्या आसपास. कृष्णाकाठचं एक गुऱ्हाळ.

आता थंडीची पहाट आहे. संस्थान विलीन झालंय, नवा जिल्हा झालाय. त्याचं नाव अजून दक्षिण सातारा आहे, सांगली हे नाव पडायला १९६० उजाडावं लागेल. तुम्ही चुलवाणापाशी बसलात. चुलव्या वाळकी चिपाडं आत सारतोय. वर काहिलीत रस उकळतोय. भेंडीचं चिकट पाणी पडलं की मळी वर येते आणि ती झाऱ्याने बाजूला निघते. गुळव्या सगळ्यांवर नजर ठेवून आहे. पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून तो बोटांनी गोळी करून बघतो, कानाजवळ नेऊन भांड्यावर आपटतो आणि म्हणतो, "उतरा." चार माणसं दांड्यांना खांदा देऊन काहील उचलतात. सोनेरी पाक वाफ्यात पसरतो, खोऱ्याने घोटला जातो, मग रवे भरले जातात.

हे सगळं शेतकऱ्याच्या हातात आहे. पुढचं नाही. गाडीत रवे घालून त्याच्याबरोबर सांगलीच्या पेठेत चला. दोन व्यापारी उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. भाव ठरतो. ज्याने वर्षभर पाणी पाजलं, पहाटे तीनला उठून दारं धरली, तो बाजूला टोपी हातात घेऊन उभा असतो. अडत्याने आधीच उचल दिलेली आहे, म्हणजे माल त्यालाच घालायचा. हमाली, तोलाई, अडत, कटती वजा जाऊन काय उरतं, ते कळेपर्यंत दिवस मावळतो. परतीच्या वाटेवर शेतकरी तुमच्याशी एक शब्दही बोलत नाही.

वसंतराव याच घरांमधून वाढले. १९५२ साली ते सांगलीतून आमदार झाले, तेव्हा तुरुंग फोडणारा वीर ही त्यांची ओळख होती. पुढची चाळीस वर्षं याच ओळखीवर निभावता आली असती. कितीकांनी निभावलीच. लोकांच्या या वसंतदादांनी, म्हणजे दादांनी, मात्र उपरण्याखालचा तो हात बाहेर काढायचं मनावर घेतलं. त्यांच्या सगळ्या राजकारणाचा उगम मला इथे दिसतो. पाणी कुठून येणार, माल कोण घेणार, भाव कोण ठरवणार, हे शेतकऱ्याच्या घरात रोज निघणारे तीन प्रश्न त्यांनी सत्तेच्या दारात नेऊन ठेवले.

पन्नासच्या दशकाची अखेर. सांगलीचा साखर कारखाना.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीने वाट घालून दिलीय. तिथे १९५०-५१ च्या हंगामात शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याचा पहिला ऊस गाळला गेला. केंद्र सरकार आता साखरेचे परवाने देताना सहकाराला अग्रक्रम देतंय. शेतकऱ्यांनी शेअर घ्यायचे, सरकारने भांडवलात वाटा उचलायचा, वित्त महामंडळाने कर्ज द्यायचं, अशी ही मांडणी आहे. ऐकायला सोपी. पण गुळाच्या पट्टीत नाडलेल्या माणसाला "यंत्र यायच्या आधी पैसे दे" म्हणणं किती अवघड असतं, ते गावोगाव फिरून बघा. देवळाच्या पारावर बैठक बसते. कुणी म्हणतं, पैसे बुडाले तर? कुणी म्हणतं, कारखाना झाला तरी तो साहेबांचाच होणार. शेवटी एक जण उठतो, "दादा म्हणत्यात तर घेऊया," म्हणतो आणि दुसरा बायकोच्या पाटल्यांचा विचार करत घरी जातो. शेअर असे गोळा होतात.

आता कारखान्याच्या फाटकातून आत चला. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलीय. बैलांच्या घुंगरांचा आवाज, उसाचा हिरवट वास, त्यात मळीचा आंबूस दर्प. वजनकाट्यावर गाडी चढते. काट्यावरचा माणूस आकडा लिहून चिठ्ठी फाडून देतो. शेतकऱ्याला धड वाचता येत नाही, तरी तो ती चिठ्ठी उलटसुलट बघतो आणि तुमच्यापुढे धरतो. "पाव्हणं, किती लिवलंय बघा की." तुम्ही आकडा सांगता. तो मान डोलावतो, चिठ्ठीची बारीक घडी करून टोपीच्या आत ठेवतो आणि गाडी गव्हाणीकडे हाकतो.

गव्हाणीत मोळ्या पडतात. साखळी त्यांना वर ओढत नेते, पाती कुटी करतात, रोलर रस पिळतात. चोथा परत बॉयलरच्या पोटात जातो आणि त्याच वाफेवर कारखाना फिरतो. गुऱ्हाळात चिपाडांवर रस आटवायचा, इथे बगॅसवर. तत्त्व तेच, मालक मात्र बदललाय. उतारा किती पडला, साखर कितीला विकली, पहिला हप्ता किती द्यायचा, हे वार्षिक सभेत सगळ्यांसमोर निघतं. टोपीत चिठ्ठी ठेवणारा तो माणूस तिथे उठून "अध्यक्ष म्हाराज, माझा प्रश्न हाय" असं म्हणू शकतो. तो काय विचारतो यापेक्षा तो उभा राहिला हे मोठं आहे. सांगलीचा हा कारखाना वाढत वाढत देशातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत जाऊन बसला. १९६७ साली दादांना पद्मभूषण मिळालं.

पण फाटकातून बाहेर पडताना जरा डावीकडे बघा. पाचटाच्या कोप्या आहेत. दुष्काळी मुलखातून आलेल्या तोडकऱ्यांची वस्ती. पहाटे काळोखात एक बाई तान्ह्या लेकराला फडाच्या कडेला निजवते आणि नवऱ्याबरोबर कोयता हातात घेते. दोघं मिळून एक कोयता, असाच हिशेब असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तिला परत जाता येत नाही. तिच्या नावावर शेअर नाही. सभेत उभं राहायचा हक्कही नाही. उपरण्याखालचा हात गेला, पण उचल अजून तिच्या मानेवर आहे. ही कोपी नीट बघून ठेवा. पुढे तिची गरज लागेल.

१९७२. जत तालुक्यातला दुष्काळी कामाचा रस्ता.

पाऊस गेलाय. गेल्या वर्षी कमी, यंदा जवळजवळ नाहीच. तुम्ही खडीच्या ढिगाशेजारी उभे आहात. बायका दगड फोडतायत, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दुपारी सुकडी वाटली जाते. ज्यांच्या घरात कधीकाळी जोंधळ्याची कणगी भरलेली असायची ते कारभारी आज हजेरीपटावर अंगठा उठवतायत.

सांगली जिल्हा म्हणजे दोन जिल्हे आहेत. पश्चिमेला कृष्णा-वारणेचा काळाभोर पट्टा, पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळचा माळ. एका टोकाला उसाला पाणी मोजायचं कुणाच्या मनात येत नाही आणि दुसऱ्या टोकाला माणसं टँकरची वाट बघतात. दादा या साली वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे मंत्री झालेत. पहिला प्रश्न, पाणी कुठून येणार, आता त्यांच्याच टेबलावर आहे. नदी खाली वाहते, दुष्काळ वर आहे. पाणी उचलून चढवल्याशिवाय दुसरा उपाय नाही.

बारा वर्षं पुढे डोकावा. १९८४ साली, दादा मुख्यमंत्री असताना, ताकारी-म्हैसाळ उपसा योजनेला मंजुरी मिळते. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवून दुष्काळी तालुक्यांत न्यायचं, हा तिचा गाभा. मग आणखी पुढे डोकावा. कागदावरचं पाणी शिवारात पोचेपर्यंत एक पिढी जाते. जतच्या काही गावांना तर त्याहूनही अधिक काळ वाट बघावी लागते. नदीकाठच्या उसाला पाणी द्यायला सहकार जेवढ्या झपाट्याने धावला, तेवढ्या झपाट्याने सरकार माळावर चढलं नाही. दादांवर प्रेम करणाऱ्यांनी हेही मोकळेपणाने म्हणायला हवं.

जुलै १९७८. मुंबई.

समुद्राकडून सरी येतायत आणि सरकार डळमळतंय. मागचं थोडक्यात सांगतो. १९७६ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर काढल्यावर दादांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली होती. १९७७ च्या लोकसभेत काँग्रेसची धूळधाण झाली आणि ज्यांना बाहेर काढलं त्यांनाच बोलावून मुख्यमंत्री करावं लागलं. मग पक्ष फुटला. १९७८ च्या निवडणुकीत दोन काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या आणि जनता पक्षाला रोखायला एकत्र आल्या. दादा मुख्यमंत्री, इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. संसार पहिल्या दिवसापासून कुरबुरींचा.

आणि आता ३७ वर्षांचे शरद पवार आमदारांचा गट घेऊन बाहेर पडतात. सरकार कोसळतं. १८ जुलैला पवार मुख्यमंत्री होतात. पाठीत खंजीर खुपसला, हे शब्द यानंतर महाराष्ट्रात कित्येक दशकं घासले जातील. तुम्ही मंत्रालयाबाहेरच्या गर्दीत उभे राहून दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांची हमरीतुमरी ऐका आणि ठरवा काय ठरवायचं ते. मला इथे थांबावंसं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. खुर्ची गेल्यावर दादा सांगलीला परततात. तिथे त्यांच्याकडे कारखाना आहे, नदी आहे, आणि दारात कामं घेऊन बसलेली माणसं आहेत. १९८० साली तीच माणसं त्यांना लोकसभेत पाठवतात. फेब्रुवारी १९८३ मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री होतात. ज्याला पद गेल्यावर घरी जायची भीती नसते, त्याला पदावर असताना निर्णय घ्यायचं धाडस होतं. पुढचा थांबा अशाच एका निर्णयाचा आहे.

१९८३. सांगलीचं एसटी स्टँड.

बाकावर एक बाप बसलाय. धोतर, पायताण, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत मुलाची गुणपत्रिका. तुम्ही शेजारी टेकता. पोराला बारावीला चांगले गुण आहेत, पण इंजिनिअरिंगला जागा नाही. सांगलीत वालचंद कॉलेज आहे, नावाजलेलं, पण तिथल्या जागा मोजक्या. राज्यात सरकारी आणि अनुदानित कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. ज्यांच्याकडे पैसा आहे ते कर्नाटकात जाऊन देणगी भरून प्रवेश घेतायत. "आमी काय करायचं?" तो विचारतो. तुमच्याकडे उत्तर नाही.

दादा सरकारने या साली विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना दार उघडलं. सरकारकडे कॉलेजं काढायला पैसा नाही, मग जे काढू शकतात त्यांना काढू द्या, असा हा रोखठोक निर्णय. कारखान्यांचे अध्यक्ष, शिक्षणसंस्थांचे चालक पुढे आले. प्रवरानगर, पुणे, कोल्हापूर, खुद्द सांगलीशेजारचं बुधगाव, अशी ठिकठिकाणी कॉलेजं उभी राहिली. पुढच्या दोन दशकांत महाराष्ट्राच्या गावागावांतून अभियंते बाहेर पडले. पुण्याच्या संगणक कंपन्यांत, आखातात, अमेरिकेत जी मराठी मुलं दिसतात, त्यांच्यातल्या कितीकांची वाट या निर्णयातून गेली आहे. स्वतः फारशी शाळा न शिकलेल्या माणसाने हे दार उघडलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण बाकावरच्या त्या बापाला विसरू नका. त्याच्या पोराला जागा मिळाली, की फीचा आकडा बघून तो पिशवी बंद करून परत गेला? देणगीचा बाजार इतका माजला की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. साखरसम्राट शिक्षणसम्राट झाले. काही संस्थांनी मुलं घडवली, काहींनी नुसत्या इमारती. माल कोण घेणार याचं उत्तर मिळालं, पण भाव कोण ठरवणार हा प्रश्न इथे अनुत्तरित राहिला. गुळाच्या पेठेत जो प्रश्न दादांनी धरून ठेवला होता, तो शिक्षणाच्या पेठेत त्यांच्या हातून निसटला.

१ ऑक्टोबर १९८७. जयपूर.

१९८५ च्या मार्चमध्ये विधानसभा जिंकून दादा चौथ्यांदा मुख्यमंत्री झाले आणि जूनमध्ये राजीनामा देऊन मोकळेही झाले. प्रदेशाध्यक्षपदी प्रभा रावांची नेमणूक त्यांना मान्य नव्हती. वर्षअखेरीस दिल्लीने त्यांना राजस्थानचं राज्यपालपद दिलं. कृष्णाकाठचा माणूस वाळवंटाच्या दारात येऊन बसला.

४ सप्टेंबरला सीकर जिल्ह्यातल्या देवराळ्यात रूपकुंवर ही अठरा वर्षांची विधवा पतीच्या चितेवर जळाली. हजारो लोक तिथे जमले, जयजयकार झाला. तुम्ही आज जयपुरात आहात, कारण आज राजस्थानचा सतीप्रतिबंधक अध्यादेश निघतोय. सती जायला भाग पाडणाऱ्याला तर शिक्षा आहेच, सतीचं उदात्तीकरणही आता गुन्हा आहे. पुढे संसदेने देशभराचा कायदा केला, त्याआधीचं हे पाऊल. अध्यादेश राज्यपालांच्या नावाने निघतो आणि राजभवनात आज पद्माळ्याचे वसंतराव आहेत. या कागदामागे राज्य सरकार होतं, चळवळीतल्या बाया होत्या, देशभरचा संताप होता, श्रेय एकट्या राज्यपालांचं नाही. तरी १९४३ साली खंदकात उडी मारणाऱ्याच्या कारकिर्दीत हा कागद आहे, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून तुम्हाला इथे आणलं. याच महिन्यात ते राज्यपालपद सोडून महाराष्ट्रात परतले.

१ मार्च १९८९ आणि त्यानंतर.

मुंबईत दादा गेले. सांगलीत कृष्णाकाठी लोटलेल्या गर्दीत मुख्यमंत्र्यांपासून हमालांपर्यंत सगळे आहेत. त्याच वर्षी मांजरीच्या साखर संशोधन संस्थेला त्यांचं नाव मिळालं. तिथे आजही उसाच्या जातींवर, उताऱ्यावर, ठिबकवर काम चालतं. त्यांच्या सांगलीच्या कारखान्याला मात्र कर्जाने घेरलं आणि शेवटी तो भाड्याने चालवायला द्यावा लागला. शेतकऱ्याने पाटल्यांचा विचार करत घेतलेल्या शेअरचं हे असं झालं, याचं दुःख सांगलीत अजून ताजं आहे. संस्था उभी करणाऱ्याची निष्ठा पुढच्या पिढीला वारशात मिळत नाही. ती दरवर्षी सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्यांनी राखावी लागते आणि सभासदांनी विचारायचं सोडलं की गव्हाण थंड पडायला वेळ लागत नाही.

तुम्ही आता परत आपल्या काळात आलात. इथे प्रत्येक उमेदवार शेतकऱ्याचा मुलगा आहे. फेटे आहेत, नांगर धरलेली छायाचित्रं आहेत. वसंतदादांनी शेतकरी असण्याचं भांडवल केलं नाही. शेतकऱ्याच्या घरातले तीन प्रश्न घेऊन ते आमदारकीत, मंत्रिपदात, मुख्यमंत्रिपदात शिरले आणि त्यातल्या काहींची उत्तरं लोखंडात आणि सिमेंटमध्ये उभी करून दाखवली. म्हणून त्यांचं मोठेपण निर्विवाद आहे.

त्यांच्याकडून राहून गेला तो चौथा प्रश्न. हे सगळं कुणाच्या कष्टावर आणि कुणाच्या वाट्याच्या पाण्यावर उभं राहतंय? कोपीतली बाई, जतची खडी फोडणारी बाई आणि एसटी स्टँडवरचा बाप, तिघंही हाच प्रश्न विचारत होते. दादांच्या तीन प्रश्नांनी अर्ध्या महाराष्ट्राला उभं केलं. उरलेल्या अर्ध्याला उभं करायचं असेल, तर यापुढे शेतातून विधानसभेत जाणाऱ्याने सुरुवातच चौथ्यापासून करायला हवी.